बाळ्याला पत्र: स्पितीचे ट्रायलोबाइट आणि गोकाकचा गेंडा

बेळगाव, शहापूर

प्रिय बाळ्या,

काय करूलास? तुझा मेसेज येऊन पंधरा दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, घाल. मेसेजमध्ये मावेना म्हणून पत्रच लिहूलोय. बीएस्सीला जिऑलॉजी एकत्र केली, तू मास्तर झालास आणि मी झेरॉक्स-बाइंडिंगवाला, पण जून महिन्यात हिमाचलच्या स्पितीत ट्रायलोबाइट, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेल्या कवचाच्या समुद्री प्राण्यांचे दगड झालेले अवशेष, शोधायला तू चाललास आणि जुनी पुस्तकं शोधायचं काम माझ्या गळ्यात! बरं झालं की. बरेच दिवस एवढी मजा आली नव्हती.

आधी मेन गोष्ट. तू मला फक्त रीडचं १९१० चं 'कँब्रियन फॉसिल्स ऑफ स्पिती' (कँब्रियन म्हणजे साधारण पन्नास कोटी वर्षांमागचा काळ) बघ म्हणालास. ते मिळालं, स्कॅन नेटवर फुकट आहे. पण नुसत्या रीडवर तू डोंगरात गेलास तर हात हलवत परत येशील. कारण रीडसाहेब केंब्रिजचा माणूस, त्याच्याकडे पेट्या आल्या आणि त्याने प्राण्यांना नावं दिली. दगड फोडले हेडनने. कुठल्या ओढ्याच्या कुठल्या अंगाला, कुठल्या थराच्या वर कुठला थर, किती फूट जाड, हे सगळं हेडनच्या १९०४ च्या 'जिऑलॉजी ऑफ स्पिती'मध्ये, जिऑलॉजिकल सर्व्हेच्या मेमॉयर्सचा, म्हणजे छापील अहवालांचा, खंड ३६. रीड म्हणजे लग्नपत्रिका आणि हेडन म्हणजे कार्यालयाचा पत्ता, दोन्ही खिशात पाहिजेत. मी हेडनचा स्पितीतल्या पाराहिओ खोऱ्याचा भाग वेगळा काढून ठेवलाय, फुटाचं मीटर तू कर, मला ते जमत नाही.

आता स्कॅनचं रडगाणं. नकाशे घडीचे असतात ना मागं चिकटवलेले, स्कॅन करणाऱ्याने ते उघडलेच नाहीत! घडी तशीच ठेवून फोटो. एका कोपऱ्यात नदीचं शेपूट दिसतं, बाकी पांढरा कागद. आणि प्लेट्स, त्या बारीक रेघांच्या, काळ्याकुट्ट. ट्रायलोबाइटच्या डोक्यावरची ती मधली फुगीर गाठ, ग्लॅबेला, तिच्यावरच्या खाचा मोजल्याशिवाय जात ओळखता येत नाही आणि इथं ग्लॅबेला म्हणजे डांबराचा ठिपका.

म्हणून छापील प्रत पाहिजे होती. एका कॉलेजच्या लायब्ररीत (नाव लिहीत नाही, उद्या त्यांचंच बाइंडिंगचं काम यायचंय) तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब नाहीत, दुसऱ्यांदा किल्ली नाही, तिसऱ्यांदा शिपायाला गणपत गल्लीतला पाव किलो कुंदा दिला तेव्हा कपाट उघडलं. पॅलिऑन्टोलॉजिया इंडिकाचा, म्हणजे सर्व्हेच्या मेमॉयर्सचीच जीवाश्मांवरची मालिका, तिचा जाड खंड, कसर लागलेला, पण प्लेटवरचा पातळ कागद शाबूत. तो कागद उचलला तर खाली काय रेघ काढलीय रे! एकेका बरगडीची सावली वेगळी. मोबाइलवर फोटो काढले, खिडकीजवळ नेऊन, तिरप्या उजेडात.

पण एक चूक बघून मला स्वतःचीच लाज वाटली. हे मेमॉयर सुटे भाग म्हणून यायचे, वरच्या कव्हरवर त्या भागाची तारीख. मग कोणीतरी माझ्यासारखा बाइंडर ते कव्हर फाडून फेकतो, सगळं एकत्र शिवतो, वर खंडाचं एकच साल सोनेरी अक्षरात. भाग कधी निघाला ते गेलं. प्राण्याचं कुठलं नाव आधीचं हे तारखेवरच ठरतं, आणि मी आयुष्यात अशी किती कव्हरं रद्दीत टाकली असतील देव जाणे. आता टाकत नाही.

नावांची गंमत सांगतो. रीडने एका बारक्या प्राण्याला झकँथॉइडिस इंडिकस म्हटलं. तू नेटवर ते टाकलंस तर हाताला फारसं काही लागणार नाही, कारण त्याचं गोत्र (नावाचा पहिला शब्द, जीनस) बदललं, आता तो ओरिक्टोसेफॅलस इंडिकस. नव्या लेखात रीडचं नाव कंसात दिसलं की समजायचं, पोरगी दुसऱ्या घरात गेली. आणि ही पोरगी साधी नाही हं. २०१८ मध्ये कँब्रियन काळातल्या वुलियुअन टप्प्याची सुरुवात चीनच्या ग्वेइझोउमधल्या ज्या थरावर पक्की केली, ती याच जातीच्या पहिल्या हजेरीवरून. स्पितीच्या दगडातलं नाव जगाच्या घड्याळाला लागलं! मला हे वाचून दुकानात एकट्यालाच हसू आलं, गिऱ्हाईक म्हणतंय आधारची झेरॉक्स द्या ओ.

अजून एक, हिमालयाने हे दगड पिळून काढलेत. एकच जात एकीकडे लांबुडकी, एकीकडे आडवी पसरलेली दिसते. रीडचं चित्र तंतोतंत जुळलं नाही म्हणून नवीन जात सापडली असं समजून उड्या मारू नकोस. ह्यूज आणि पेंग यांच्या मंडळींनी २००९ मध्ये पाराहिओ आणि झंस्कारच्या ट्रायलोबाइटची सगळी उजळणी केलीय, आधी ती वाच. माझं मत विचारशील तर नव्यापासून जुन्याकडे उलटं जायचं, प्रत्येक जातीखाली जुन्या नावांची यादी असते, तिचं बोट धरून.

गावांची नावं तर विचारू नकोस. सर्व्हेच्याच स्टोलिझ्काने १८६५ मध्ये सतलजपासून सिंधूपर्यंतच्या वाटेवरचे थर लिहिले, त्यात 'मुथ' म्हणजे तुझं पिन खोऱ्यातलं मुध. आपलंच बघ की, बेळगाव, बेलगाम, बेळगावी, एकच गाव आणि तीन तऱ्हा. १८७६ च्या पुस्तकात बेळगावी शोधलंस तर शून्य.

हे १८७६ कुठून आलं? तेच तर सांगायचंय. त्याच कपाटात सर्व्हेच्याच रॉबर्ट ब्रूस फूटचं साउथ महराट्टा कंट्रीवरचं, म्हणजे आपल्याच भागावरचं, १८७६ चं मेमॉयर होतं, खंड १२. आपल्या भागात ट्रायलोबाइट मिळणार नाहीत हे तुला मला दोघांनाही माहीत, बेळगावच्या भोवती डेक्कन ट्रॅप, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, आणि गोकाकच्या बाजूचे कलादगीचे दगड ट्रायलोबाइट जन्मायच्या कितीतरी आधीचे, त्यातल्या चुनखडीत फार तर स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून झालेले दगड. तरी चाळलं. आणि गेंडा निघाला! गोकाकजवळ फूटला गेंड्याची हाडं सापडली होती, १८७४ मध्ये त्याने ऱ्हायनोसेरस डेक्कनेन्सिस नाव देऊन छापलं, कुठे, तर पॅलिऑन्टोलॉजिया इंडिकातच. तुझ्या स्पितीच्या किड्याचं आणि माझ्या गोकाकच्या गेंड्याचं छापखान्यातलं घर एकच. करदंट आणायला मी शंभर वेळा गोकाकला गेलो असेन, कधी कुणी म्हणालं नाही इथं गेंडा होता म्हणून.

फोटो पेनड्राइव्हवर टाकलेत, हेडनचा भाग मी मोठ्या टायपात छापून बारका बाइंड केलाय, पाऊस लागला तरी चालेल असं लॅमिनेशन कव्हरला. कुरिअरने परवा निघेल. तिकडे परवानगीचं काय ते आधी विचारून घे, हातोडा काढायच्या आधी. आणि येताना थर कुठला, किती उंचीवर, हे त्याच दिवशी दगडाच्या पुडीवर लिही, आठवणीत ठेवू नकोस, तुझी आठवण मला माहिताय.

रविवारी मी गोकाकला जाऊलोय, फूटने लिहिलेला नाला अजून आहे का बघायला. बायको म्हणते येताना करदंट आण.

तुझा,
दिग्या