गच्चीवर टॉवर नको, गेटजवळची पेटी चालेल

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापन समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी

विषय : गच्चीवरील मोबाइल टॉवरचा प्रस्ताव आणि सोसायटीतील नेटवर्क

सप्रेम नमस्कार.

नोटीस बोर्डावरचा कागद वाचला. गच्ची टॉवरसाठी भाड्याने द्यायची, भाड्यातून गच्चीवरच्या शेडचे पत्रे बदलायचे, उरलं तर रंगकाम. हरकत असल्यास लेखी कळवा, असं खाली लिहिलंय. म्हणून लेखी कळवते. माझी हरकत आहे, पण ग्रुपवर चाललेल्या कारणांसाठी नाही. नेटवर्क मलाही हवंय, तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला तर जास्तच. फक्त ज्या मार्गाने समिती निघाली आहे, त्या मार्गाने ते येणार नाही.

आधी टॉवरचा प्रस्ताव आणणाऱ्या एजंटाने दिलेल्या पत्राबद्दल. त्यावर ट्रायचं बोधचिन्ह आहे, गोल शिक्का आहे आणि 'फाइल चार्ज' आगाऊ भरा असं लिहिलंय. ट्राय ही दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था आहे. गच्च्या भाड्याने घेणं, त्यासाठी ना-हरकत देणं किंवा फी घेणं हे तिचं कामच नाही, आणि हे तिने स्वतः अनेकदा जाहीर केलंय. टॉवर कंपनी जागेचं भाडं देते, जागामालकाकडून पैसे मागत नाही. टॉवरच्या नावाने लोकांना गंडवण्याचा हा प्रकार देशभर जुना आहे. खजिनदारांनी अजून काही भरलं नसेल तर थांबावं. भरलं असेल तर पोलिसांत जावं, सभेची वाट पाहू नये.

आता समजा उद्या खरी कंपनी आली. तरीही मी नकोच म्हणेन. त्याचं कारण आपल्या जागेत आहे.

शहरातले बरेचसे टॉवर वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीवर आहेत आणि आपण उताराच्या कुशीत. मागे दरड कापून केलेली जांभ्याची भिंत, पुढे फणस आणि आंबे. वरून येणारा सिग्नल आपल्या डोक्यावरून समुद्राकडे निघून जातो. ए विंगच्या वरच्या मजल्यांना तो मिळतो, म्हणून तिथले सभासद सभेत 'आमच्याकडे तर फुल रेंज आहे' म्हणतात, आणि ते खोटंही बोलत नाहीत. बी विंगचा तळमजला आणि पार्किंग मात्र सावलीत राहतं. पावसाळ्यात आणखी बिघडतं, कारण ओली भिंत आणि ओली पानं कोरड्यांपेक्षा जास्त सिग्नल खातात. 'पाऊस पडला की रेंज जाते' हे आपल्या कामवाल्या मावशींचं निरीक्षण बरोबर आहे.

हे मी अंदाजाने म्हणत नाही, मोजलंय. फोनवरच्या दांड्यांवर जाऊ नका, कुठली दांडी कधी दाखवायची हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनाने ठरवते. फोनच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या फुकट ॲपमध्ये सिग्नलची ताकद डीबीएम या मापात दिसते. आकडा उणे असतो. उणे ८५ म्हणजे छान, उणे १०५ म्हणजे रडतखडत, उणे ११५ च्या पुढे बोलणं तुटायला लागतं. यात दहाचा फरक म्हणजे दहापट, वीसचा म्हणजे शंभरपट. आपल्या गेटवर उणे ९० च्या आसपास येतं आणि बी विंगच्या जिन्याखाली उणे ११८. तेवढ्या अंतरात सिग्नल पाचशेपटीहून जास्त पडतो. लिफ्टमध्ये काहीच येत नाही. लिफ्ट अडकली तर ११२ ला कुठल्याही कंपनीच्या नेटवर्कवरून फोन लागतो, पण त्यासाठी कुठलं तरी नेटवर्क हवं ना!

काही फोन टॉवरपासूनचं अंतरही सांगतात. ४जीमध्ये ते टप्प्यांत मोजतात, एक टप्पा साधारण ७८ मीटरचा. आपल्याला पकडणारा टॉवर दीडेक किलोमीटरवर निघतो. अंतर फार नाही, मधला चढ नडतो.

म्हणजे आपल्याच गच्चीवर टॉवर उभा केला तर प्रश्न सुटेल, असं वाटणं साहजिक आहे. पण गच्चीवरचा अँटेना चारी दिशांना लांब बघतो, पायाखाली नाही. त्याचा फायदा समोरच्या वाडीला, खालच्या रस्त्याला, पलीकडच्या बंगल्यांना. आपल्या तळमजल्याला सगळ्यात कमी, आणि मध्ये गळतीसाठी ठोकलेली पत्र्याची शेड. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भाडं आपल्याला मिळेल हे खरं, पण कित्येक टनांचा लोखंडी सांगाडा आणि जनरेटर समुद्राच्या वाऱ्यात इतकी वर्षं उभ्या असलेल्या स्लॅबवर चढवायचा का, हे एजंटाला विचारून उपयोग नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावं लागेल.

आपल्याला हवा आहे तो स्मॉल सेल, म्हणजे लहान सेल, टॉवरचंच छोटं रूप. बुटांच्या खोक्याएवढी पेटी असते. दिव्याच्या खांबावर, भिंतीला किंवा कमानीला लागते. मोठ्या टॉवरचा एकेक अँटेना दहापट-वीसपट जास्त ताकदीने बोलतो, ही पेटी काही वॉटमध्ये भागवते आणि शे-दोनशे मीटर सांभाळते. तिला दोनच गोष्टी लागतात, वीज आणि फायबर. गेटजवळचा आपला दिव्याचा खांब दोन्ही विंगकडे तिरपा बघतो. तिथे पेटी लागली तर सिग्नल जिन्यातून, खिडक्यांतून आडवा आत येईल. वरून पत्रा भेदून खाली यायची गरज राहणार नाही.

आमच्या पॉलिटेक्निकची मुलं सध्या हाच उद्योग करतायत. शहरात कुठे नवा सेल लागला ते शोधायचं. प्रत्येक साईटला एक क्रमांक असतो आणि फोन तो नोंदवतो. काल नसलेला क्रमांक आज दिसला, तो जोरात येतोय आणि पन्नास पावलं पुढे गेलं की लगेच मंदावतोय, म्हणजे जवळपास लहान सेल असण्याची शक्यता. मग खांबावर पेटी शोधायची. बाजारात, स्टँडजवळ असं फिरताना त्यांच्या लक्षात आलं की लोक ज्याला '५जीची पेटी' म्हणून फोटो फिरवतात ते बरेचदा सीसीटीव्हीचं खोकं असतं. आपल्या ग्रुपवर आला होता तो फोटोही तसलाच. (ज्यांनी टाकला त्यांनी रागावू नये.)

ही मुलं नकाशा करताना एक भेद करतात, तो समितीनेही करावा. सिग्नल न पोचणं वेगळं आणि सिग्नल असून गर्दीमुळे नेट न चालणं वेगळं. गणपतीत मुंबईकर आले की मारुती मंदिराजवळ भरलेल्या दांड्या असूनही पैसे पाठवताना चाक फिरत राहतं. ती गर्दी. आपल्या तळमजल्यावर बारा महिने असतं ते पहिलं. लहान सेल दोन्हींवर चालतो. ५जी फोन घेऊन काही होणार नाही, उलट ३३०० मेगाहर्ट्झचा ५जी जाड भिंतीत ४जीच्या कमी मेगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा लवकर अडतो.

कंपन्यांचे नकाशे पाहायचे तर तेही आता उपलब्ध आहेत. ट्रायच्या २०२४ च्या सेवा दर्जाच्या नियमांनुसार कंपन्यांना कुठे कुठलं नेटवर्क आहे याचा नकाशा आपल्या वेबसाइटवर ठेवावा लागतो. आपला सगळा उतार तिथे रंगवलेला दिसतो. मी त्यांना खोटारडे म्हणणार नाही. रस्त्यावर उभं राहिलं तर मिळतोच सिग्नल. घराच्या आतलं त्या रंगात येत नाही, म्हणून आपली मोजणी आपल्याला करावी लागते.

किरणांबद्दल. सी विंगच्या काकूंनी सह्यांचा कागद फिरवलाय, तो मी वाचला. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही, पण हिशोब उलटा आहे. फोनला सेल लांब असला की तो ओरडून बोलतो, जवळ असला की हळू. कमाल ताकद साधारण २०० मिलिवॉट, आणि उणे ११८ वर आपला फोन कानाला लावल्यावर तो जवळपास तेवढीच वापरतो. म्हणून तर माझ्या फोनची बॅटरी दुपारीच संपते. जवळ लहान सेल आला की ती ताकद कित्येक पटींनी खाली येते. ज्यांना किरणांची काळजी आहे त्यांनी खरं तर ही पेटी मागून घ्यायला हवी. शिवाय १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठरवली गेली. २०१७ साली सुरू झालेल्या 'तरंग संचार' पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर बघता येतात आणि फी भरून मोजणीही मागवता येते. ती फी सोसायटीने भरावी आणि अहवाल नोटीस बोर्डावर लावावा, असं मी सुचवते. सह्यांच्या कागदापेक्षा ते स्वस्त पडेल, भांडणं धरली तर.

एक गोष्ट नाइलाजाने लिहिते. आपल्यापैकी कुणीतरी ऑनलाइन मागवलेला, सिग्नल वाढवणारा बूस्टर बसवलाय. कोण ते मी लिहीत नाही, त्यांना कळेलच. परवान्याशिवाय बूस्टर बसवणं बेकायदा आहे, आणि त्यांच्या घरात चार दांड्या येतात त्या शेजाऱ्यांच्या जिवावर. असला स्वस्त बूस्टर टॉवरकडे गोंगाट फेकतो आणि आजूबाजूच्यांचे फोन ऐकू येईनासे होतात. त्यांनी तो काढावा. घरात फायबरचं इंटरनेट असेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू करावं, ते फुकट आहे आणि कायदेशीरही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि आपल्याच जिल्ह्यात दापोली-मंडणगडचे फोन कित्येक दिवस मुके झाले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं आणि लोक माळ्यावर, छपरावर बसून नातेवाइकांना फोन लावत राहिले. टॉवर वाऱ्याने पडतात असं नाही. वीज जाते, बॅटरी काही तासांत उतरते, डिझेल आणायचं तर रस्त्यावर झाडं आडवी. आणि फायबर? ते आपल्याकडे विजेच्या खांबांवरून आणि आंब्याच्या फांद्यांवरून लोंबत गेलेलं असतं, झाड पडलं की तेही गेलं. मोठ्या टॉवरला निदान बॅटरी आणि जनरेटर असतो. लहान सेलला बहुतेकदा काहीच नसतं. महावितरणची वीज गेली की पेटी मेली. म्हणजे ज्या रात्री तिची गरज, नेमकी त्या रात्री ती बंद. अशी पेटी लावून घेण्यात अर्थ नाही.

म्हणून करारात वीज आधी लिहून घ्यावी. पेटी आपल्या लिफ्टच्या इन्व्हर्टरवर घ्यायची किंवा कंपनीने स्वतःची बॅटरी द्यायची, आणि विजेचं मीटर वेगळं. फायबर गेटपासून रस्त्याच्या चेंबरपर्यंत जमिनीखालून पाइपातून, आंब्यावरून नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे विजा पडतात आणि जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. कोरडा जांभा वीज जमिनीत सहज सोडत नाही, म्हणून अर्थिंगचा खड्डा मिठा-कोळशाने भरून भागणार नाही, रेझिस्टन्स मोजून त्याचा आकडा कंपनीने लेखी द्यावा. आणि नटबोल्ट स्टेनलेस. साधे दोन पावसाळ्यांत गंजतात हे आपल्या गेटच्या बिजागऱ्यांनी दाखवून दिलंय.

परवानग्यांचा बाऊ करू नये. नव्या दूरसंचार कायद्याखालचे मार्गाधिकाराचे, म्हणजे तारा-टॉवरसाठी जागा वापरण्याचे, नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. खासगी जागेत कंपनी जागामालकाशी थेट करार करू शकते. आपला खांब आपल्या आवारात आहे, तेव्हा करार आपल्याशी. सर्वसाधारण सभेचा ठराव मात्र हवाच, समितीने परस्पर सही करू नये.

पैशांबद्दल आधीच सांगून ठेवते, नंतर मला दोष नको. यातून रंगकाम होणार नाही. रस्त्यावरच्या सरकारी खांबांवर लहान सेल लावायला २०२२ च्या नियमांत शहरी भागासाठी वर्षाला ३०० रुपये धरले होते, ग्रामीण भागासाठी १५०. खासगी जागेत बोलणी करता येतात, पण गच्चीच्या भाड्याची स्वप्नं इथे नाहीत. शेडच्या पत्र्यांसाठी वर्गणी काढावी लागेल, ती मी देईन.

विनंती एवढीच. गच्चीचा प्रस्ताव रद्द करून लहान सेलचा विषय सभेच्या अजेंड्यावर घ्यावा. सगळ्या कंपन्यांना एकच पत्र जावं, एकीलाच जागा बांधून देऊ नये, कारण प्रत्येक घरात सिम वेगळं आहे. आणि तोवर ज्यांचे फोन तुटतात त्यांनी ग्रुपवर रडण्याऐवजी कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक जपून ठेवावा. निवारण झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. बी विंगमधून पाच-सहा तक्रारी एका पत्त्यावरून गेल्या तर पत्राला वजन येईल.

मोजणीचा तक्ता सोबत जोडला आहे, मजल्यानुसार आणि कंपनीनुसार. सी विंगच्या पार्किंगचे आकडे राहिलेत, तिथल्या गेटची किल्ली वॉचमनकडे नाही. ती सेक्रेटरींकडून मिळाली तर रविवारी पूर्ण करते.

कळावे,
आपली,
एक सभासद, बी विंग, तळमजला