वायपर पावसात नाही, उन्हाळ्यातच जातो

मा. संपादक, नमस्कार.

जून आला की पेपरात टायर बघा, ब्रेक बघा असं सगळं येतं, वायपरवर मात्र कोणी दोन ओळी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मागच्या रविवारी ठाण्याहून नाशिकला येताना कसारा घाटात धो धो पाऊस लागला, पुढच्या ट्रकने चिखलाचं पाणी अख्ख्या काचेवर उडवलं आणि वायपर लावला तर नेमका माझ्या डोळ्यांसमोर चार बोटांचा पट्टा तसाच, वरून कर्रर्र कर्रर्र आवाज. बायको म्हणे अहो बाजूला घ्या, पण घाटात बाजूला घेणार कुठे? इगतपुरीपर्यंत मान वाकडी करून चालवली.

वायपर गेल्याच पावसाळ्यात बदललेले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला झापायच्या तयारीनेच गेलो. त्याने काही न बोलता रबर चिमटीत धरून वाकवलं, कडेला बारीक बारीक चिरा आणि एका जागी नखाएवढा तुकडाच गायब. म्हणे काका, हे पावसाने नाही, उन्हाने गेलंय. पटलं मला. पावसाळा चार महिने, उरलेले आठ महिने ते रबर तापलेल्या काचेवर एकाच बाजूला वाकून पडलेलं असतं आणि एप्रिल-मेत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा काच तर त्याहून जास्त तापते. ऊन आणि हवेतला ओझोन मिळून रबर कडक करतात, मग वायपर उलटा फिरताना कड पलटतच नाही, उड्या मारते, कर्रर्र होतं ते त्यामुळे.

त्यात आपली सवय. सकाळी काचेवर धूळ दिसली की मार सुका वायपर! ती धूळ म्हणजे पॉलिश पेपरच की, रबर तर जातंच पण काचेवर कमानीसारखे ओरखडे पडतात, दिवसा दिसत नाहीत, रात्री समोरून लाईट आला की सगळी काच चमकते. आधी पाणी मारायचं, मग वायपर, एवढंच तर आहे.

मी आता दर रविवारी ओल्या फडक्याने रबर पुसतो, पहिल्या दिवशी फडकं डांबरासारखं काळं झालं होतं. काही जण रबर मऊ करायला डिझेल लावतात, ते अजिबात नको, रबर फुगतं. काचेवर मारायच्या पाण्याच्या टाकीत कपड्यांची पावडर पण नको, नोझल चोंदतं. उन्हात वायपर उभे करून ठेवायचे तर जपून, दांडी सटकून काचेवर आपटली तर काच तडकू शकते. आणि नवीन घेताना जुनी दोन्ही पाती सोबत न्या, बऱ्याच गाड्यांना ड्रायव्हरकडचं लांब असतं. बाकी काच पुसायला जुना पेपर जरा ओला करून वापरतो, तुमचाच असतो, राग मानू नका.

पुढचे दोन्ही बदलले. मागच्या काचेवरचा मात्र गाडी घेतली तेव्हाचाच आहे, हे लिहिता लिहिता आठवलं.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक