बोटीवरच्या अनोळखी मंडळींचे मनापासून आभार

परवाच्या प्रवासात आमच्या आईला बोट लागली. तेव्हा धावून आलेल्यांची नावं आम्हाला कळली नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

सर्वांत आधी त्या खलाशीदादांचे. आई घामाघूम झाली होती, चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी तिला खालच्या बंद केबिनमधून वर आणलं आणि बोटीच्या मधोमध, मोकळ्या हवेत बसवलं. बोटीची टोकं जास्त वरखाली होतात, मध्यभागी हेलकावे सर्वांत कमी. "आजी, लाटांकडे नको, लांब क्षितिजाकडे बघा," असं ते न कंटाळता सांगत राहिले. केबिनमध्ये डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, पण आतल्या कानाला हलणं जाणवत असतं. त्या विसंगतीनेच मळमळतं. क्षितिज दिसलं की डोळे आणि कान एकच सांगू लागतात. आईला उतार पडला तो तिथेच.

पिशवी धरून पाठीवरून हात फिरवणाऱ्या ताई, तुमची माया विसरणार नाही. एकदम ग्लासभर न देता घोटाघोटाने पाणी पाजलंत तुम्ही. आपली मधली जागा देणारं जोडपं, तुमचेही आभार.

आणि त्या डॉक्टरबाई! मळमळीवरची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही, तिने झोपही येते, हे त्यांनी नीट समजावलं. परतीच्या प्रवासात आई शेवटपर्यंत डेकवर बसून होती.