बाग जमिनीवरच मोजा

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

लालबागमधल्या आमच्या गल्लीतल्या चाळी पाडून पन्नासहून जास्त मजल्यांचा निवासी टॉवर उभा करण्याचा प्रस्ताव आला आहे. भाडेकरूंच्या सभेत बिल्डरच्या माणसांनी जी रंगीत पुस्तिका वाटली, तिच्यात घरांपेक्षा बागाच जास्त. पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या पार्किंग मजल्यांच्या छतावर, बाग, मधल्या एका मजल्यावर बाग, गच्चीवर बाग, आणि बाल्कन्यांतून लोंबणाऱ्या वेली. आमच्या मजल्यावरच्या एक काकू पुस्तिका उलटसुलट करून म्हणाल्या, "एवढी झाडं आहेत, मग माणसं कुठं राहणार?" हसण्यावारी गेलं. त्या चित्रांत जमिनीवर काय आहे, हे मात्र मी घरी येऊन चष्मा लावून पाहिलं. गाड्यांचा रॅम्प, एक कारंजं, आणि सुरक्षारक्षकाची केबिन.

हे पत्र टॉवरच्या विरोधात नाही. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसांना उंच इमारत नको म्हणून सांगायचा अधिकार कोणालाच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात ही माणसं गेली, आणि तो आनंद आम्ही सगळ्यांनी पाहिला. आम्हालाही तेच हवं आहे. माझं म्हणणं फक्त बागांबद्दल आहे. महापालिकेच्या उद्यान खात्यात नोकरी करून मी निवृत्त झालो, त्यामुळे कागदावरचं झाड आणि मातीतलं झाड यांतला फरक मला थोडाफार कळतो.

आधी नियम. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधल्या २७ व्या नियमाप्रमाणे १०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर २५ टक्के मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते. ऐकायला झकास. आता १२,००० चौरस मीटरचा भूखंड धरा. २५ टक्के म्हणजे ३,००० चौरस मीटर. त्यातले ६० टक्के, म्हणजे १,८००, जमिनीवर हवेत; उरलेले १,२०० पोडियमवर चालतात. जमिनीवरच्या १,८०० पैकी निम्म्या जागेवर फरसबंदी चालते. म्हणजे ज्याला अधिकारी आणि आर्किटेक्ट 'मदर अर्थ' म्हणतात, ती पाणी मुरणारी खरी माती राहिली ९०० चौरस मीटर. भूखंडाच्या साडेसात टक्के. पुस्तिकेतल्या सगळ्या हिरवळीत कायद्याने हमी असलेली माती एवढीच, आणि पुनर्विकासाच्या योजनांत तिच्यातही सवलत मागितली जाते.

हे असं कायमचं नव्हतं. मुंबई महापालिका विरुद्ध कोहिनूर सीटीएनएल या खटल्यात डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं की नियमाने सक्तीची असलेली मोकळी जागा जमिनीवरच हवी. पोडियमवर बाग करायची तर करा, पण ती वरकड. त्या निकालात आगीचा बंब फिरू शकेल अशा सहा मीटर मोकळ्या जागेचाही आग्रह होता. निकाल जुन्या नियमांवर होता. २०१८ मध्ये वर सांगितलेली नवी नियमावली लागू झाली आणि तिने पोडियमला ४० टक्क्यांचा वाटा लेखी देऊन टाकला. आता सगळं कायदेशीर आहे. तक्रार कुठे करायची?

आमच्या गिरणगावाला या प्रकाराची सवय आहे, मंत्रिमहोदय. १९९१ च्या नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडा मांडला. मग २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटे संपूर्ण जमिनीचे न राहता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीचे झाले. गिरणीची जमीन बहुतेक शेडखालीच असायची, त्यामुळे वाट्याला काय आलं ते परळच्या कुठल्याही पुलावर उभं राहून दिसतं. उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती अडवली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती मान्य केली. १९८२ च्या संपाने गिरण्या गेल्या असं सगळे म्हणतात. मैदानं मात्र संपाने गेली नाहीत, ती एका दुरुस्तीने गेली.

आता पोडियमची बाग म्हणजे काय ते सांगतो. पार्किंगचे मजले एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर परवानगी असलेल्या एकूण बांधकामात, धरले जात नाहीत, म्हणून ते चार-पाच-सात होतात. त्यांच्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर पाणी वाहून जाण्याचा थर, आणि त्यावर माती. ही बाग म्हणजे गाड्यांच्या गोठ्याचं शाकारलेलं छप्पर. ओली माती घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरते, म्हणून स्ट्रक्चरचा इंजिनिअर माती कमी करतो आणि कोकोपीट वाढवतो. त्यात लॉन येतं, बांबू येतो, पाम येतो, चाफा तग धरतो. पिंपळ, उंबर, आंबा, बकुळ, ताम्हण यांना पाय पसरायला जागा लागते. स्लॅबवर ती मिळत नाही, आणि मिळालीच तर मुळं वॉटरप्रूफिंग शोधतात. मग खालच्या पार्किंगमध्ये ठिबकायला लागतं. सोसायटीची सभा होते, गळती काढायची ठरते, माती उपसली जाते. परत घालताना झाडं येत नाहीत, फरशी येते. दहा-पंधरा वर्षांत बागेचं अंगण होतं आणि नकाशावर ती तशीच हिरवी राहते.

पावसाचं पाणी हा दुसरा भाग. दादर-परळमधल्या हिंदमाता चौकात पाणी तुंबतं, म्हणून महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. सार्वजनिक पैशाने जमिनीखाली पाणी साठवायचं, आणि दोन गल्ल्या सोडून तळघर व पोडियमने भूखंड कडेपर्यंत झाकायचा. हा हिशेब मला कधी जमला नाही.

झाडांनी मढवलेली इमारत करताच येत नाही असं नाही. मिलानमध्ये २०१४ साली पूर्ण झालेल्या बॉस्को व्हर्टिकाले या दोन टॉवरांचं चित्र बहुतेक सगळ्या बिल्डरांच्या सादरीकरणात असतं, आमच्याही होतं. पण तिथं झाडं लावण्याआधी वाऱ्याच्या चाचण्या झाल्या, आणि झाडांची देखभाल फ्लॅटमालकांवर सोडलेली नाही. दोरावर लटकून माळी छाटणी करतात. चीनमधल्या चेंगडूत अशाच एका वसाहतीत झाडं माजली, डास झाले आणि बरीच घरं रिकामी राहिली. आपल्याकडे जूनच्या पहिल्या वादळात रस्त्यावरच्या झाडाची फांदी पडून माणूस दगावतो. चाळिसाव्या मजल्यावरची फांदी कोण छाटणार, त्याची पुस्तिकेत एक ओळसुद्धा नाही.

आपल्याकडचं जुनं उदाहरणही आहे. पेडर रोडच्या बाजूची, १९८३ मधली कोरियांचीच कांचनजंगा इमारत: २८ मजले, ३२ घरं, दोन मजली उंचीच्या गच्च्या-बागा. ऊन, वारा आणि पाऊस यांचा विचार करून केलेलं ते काम आहे. पण त्या बागा त्या ३२ घरांच्या. कांचनजंगामुळे परिसराला बाग मिळाली असं म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

आणि इथेच आमचं खरं दुखणं आहे. पुनर्विकासात दोन इमारती होतात, रिहॅब आणि सेल. पागडीवाले, जुने भाडेकरू रिहॅबमध्ये. बाजारभावाने घेणारे सेलमध्ये. दोघांचं प्रवेशद्वार वेगळं, बहुतेक ठिकाणी मध्ये भिंत. पोडियम सेल बिल्डिंगचा. नियम म्हणतो की मोकळी जागा भूखंडावरच्या सगळ्या रहिवाशांना खुली असली पाहिजे. प्रत्यक्षात लिफ्टला कार्ड लागतं. कार्ड मागितलं तर मेंटेनन्स दाखवतात, आणि तो आकडा ऐकून आमची माणसं पुन्हा विचारत नाहीत. एफएसआय आमच्या डोक्यांवर मोजून मिळतो, बाग मात्र आम्ही विसाव्या मजल्यावरच्या खिडकीतून बघायची.

चाळीचा चौक कसा वापरला जातो, हे मंत्रालयातल्या फाइलीत कुठे लिहिलेलं नसेल. हळद तिथंच, साखरपुड्याचं जेवण तिथंच, गणपतीचा मांडव तिथंच, आणि मे महिन्यात मसाला गल्लीत कुटायला न्यायच्या आधी मिरच्या वाळतात त्याही तिथंच. मुलांचं क्रिकेट कोणाच्या ना कोणाच्या ओट्यावरून आजी बघत असते, म्हणून वेगळा रखवालदार लागत नाही. कोणी गेलं तर तिरडी चौकातच बांधली जाते. सातव्या मजल्यावरच्या लॉनवर यातलं काय चालेल? "गवतावर चालू नये" अशी पाटी असलेल्या जागेला आम्ही आमचा चौक द्यायचा आहे.

सिंगापूरचं पिनॅकल ॲट डक्सटन पाहा. पन्नास मजली, १,८४८ घरं, आणि सगळी सरकारी गृहनिर्माण योजनेतली. तिथं २६ व्या आणि ५० व्या मजल्यावर बागा आहेत. २६ वा मजला रहिवाशांसाठी. ५० वा ठरावीक संख्येने, तिकीट काढून बाहेरच्यांनाही खुला. सरकारने ठरवलं तर उंचावरची बागसुद्धा सगळ्यांची होऊ शकते. आमच्याकडे ती कोणाची, हे बिल्डर ठरवतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली नियमावलीत बदल करण्याचा अधिकार शासनाला आहे. हरकती-सूचना मागवा, आम्ही पाठवू. माझी हरकत आताच सांगून ठेवतो. सक्तीच्या मोकळ्या जागेत पोडियमचा एक मीटरही धरू नका. तो वरकड म्हणून हवा तेवढा करू द्या. मातीची म्हणून जी जागा दाखवली असेल तिच्याखाली तळघर नको, टाकी नको. ही जागा इमारतीच्या मागच्या पट्ट्यात तुकड्यातुकड्यांनी न दाखवता रस्त्याच्या बाजूला एकसंध हवी, म्हणजे निदान गल्लीला ती दिसेल. आणि रिहॅब-सेलमध्ये भिंत आढळली तर ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, देऊ नका. एवढी एक अट घातलीत तरी भिंती आपोआप कमी होतील.

झाडांचंही तेच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर झाडं जतन कायद्यात पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष आहे, आणि तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची आहेत. आमच्या चौकातला पिंपळ माझ्या वडिलांच्या आठवणीतही मोठाच होता. त्याच्या बदल्यातली झाडं प्रस्तावात पोडियमवर दाखवली आहेत. स्लॅबवरच्या कुंडीवजा खड्ड्यातलं रोप भरपाई म्हणून धरायचं की नाही, हे वृक्ष प्राधिकरणाने एकदा लेखी सांगावं. 'पुनर्रोपण करू' हे उत्तर कृपया नको. मेट्रो-३ च्या वेळी हलवलेली बरीच झाडं मेली, ते मुंबईने पाहिलं आहे.

आमची संमतीपत्रं अजून पूर्ण झालेली नाहीत. काही जण सही करून मोकळे झाले, काही थांबले आहेत. पावसाळ्यात छताला टेकू लावलेल्या घरांना थांबायला सांगणं मला जमत नाही. म्हणून सगळा भार संमतीवर टाकू नका. आयओडी, म्हणजे महापालिकेची बांधकामाची सशर्त मंजुरी, मिळण्याआधी जमिनीवरच्या मोकळ्या जागेचा स्वतंत्र नकाशा, मराठीत आणि मोजमापांसह, चाळीच्या फलकावर लावायला लावा. तो वाचता आला तर पुढचं आम्ही बिल्डरशी बोलू.

आपला,
लालबागचा एक भाडेकरू