कटर हातात देण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. आग विझवणे आणि अपघातग्रस्त वाहनातून माणसांची सुटका करणे, या दोन्हींचे प्रशिक्षण तुमच्या दलात सुरू करण्याची जबाबदारी तुझ्याकडे आली, हे वाचून मनापासून आनंद झाला. स्पष्ट मत दे, असे तू बजावले आहेस, म्हणून मोकळेपणाने लिहितो. वाहन-सुटकेच्या पहिल्याच दिवशी तू हायड्रॉलिक कटर आणि स्प्रेडर, म्हणजे पत्रा कापणारे आणि फाकवणारे यंत्र, जवानांच्या हाती देणार आहेस, ते मला पटले नाही. यंत्र हातात आले की जवानाचे लक्ष पत्र्यावर खिळते आणि आत अडकलेल्या माणसावरून उडते. सुरुवातीला लागलेली ही सवय नंतर मोडता मोडत नाही.

पहिला दिवस नुसता पाहण्यासाठी आणि गाडी स्थिर करण्यासाठी ठेव. एका जवानाने गाडीला अगदी लगटून फेरी मारावी, आत आणि खाली डोकावावे. दुसऱ्याने लांबून मोठी फेरी मारून बाहेर फेकला गेलेला प्रवासी, तुटलेली वीजवाहिनी, सांडलेले इंधन यांचा शोध घ्यावा. त्यानंतर लाकडी ठोकळे आणि पाचरी. चारही चाकांवर उभी असलेली गाडी आपल्याला स्थिर वाटते, परंतु ती स्प्रिंगांवर तरंगत असते आणि कोणी दाराला रेलले तरी तो हेलकावा जखमीच्या मानेपर्यंत पोहोचतो. ठोकळे लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर प्रत्येकाला बॉनेटवर हात ठेवून हा फरक अनुभवू दे.

बारा व्होल्टच्या बॅटरीची तार काढण्याचा सरावही याच दिवशी घे. विद्युत सीट मागे सरकवणे, काचा खाली घेणे, दारांची कुलुपे उघडणे ही कामे जखमीच्या स्थितीला धोका नसेल तर आधी उरकून घ्यावीत, कारण वीज तोडल्यावर ती यंत्राने करावी लागतात. तार काढताना ऋण टोक आधी. तरीही न उघडलेल्या एअरबॅगच्या समोर कोणीही झुकू नये, कारण तिच्या नियंत्रकात काही काळ वीज साठून राहते आणि ती फुगायला सेकंदाचे काही शतांशच लागतात.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा सराव. प्रत्येक प्रशिक्षणार्थीला एकदा तरी जखमी म्हणून गाडीत बसव. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, अंगावर जाड आच्छादन आणि मागच्या सीटवरून त्याचे डोके दोन्ही हातांनी धरून बसलेला एक सहकारी. बाहेर काच फोडू दे, दाराच्या फटीत स्प्रेडर घालू दे. कापण्याचे काम मात्र माणूस आत असताना प्रशिक्षकानेच करावे. आच्छादनाखाली अंधार असतो, प्रत्येक आवाज कानाशीच झाल्यासारखा वाटतो आणि पत्रा कडकडला की सारे अंग आखडते. मागे बसलेल्याने ‘आता मोठा आवाज होईल, तुला काही लागणार नाही’ एवढे सांगितले तरी खांदे सैल पडतात. हे स्वतः भोगलेला जवान पुढे प्रत्यक्ष अपघाताच्या ठिकाणी जखमीशी बोलायला विसरत नाही, असा माझा ठाम विश्वास आहे.

कापण्यासाठी तू सगळ्या भंगारातल्या जुन्या गाड्या मागवल्या आहेस. खर्चाची अडचण मी समजू शकतो, पण निदान एक तरी अलीकडची गाडी मिळव. जुन्या गाडीचा पत्रा लोण्यासारखा कापला जातो आणि जवानाला खोटा आत्मविश्वास येतो. नव्या गाड्यांच्या मधल्या खांबात, म्हणजे बी-पिलरमध्ये, बोरॉनमिश्रित अतिकठीण पोलाद असते; सुमारे सातशे बार दाबावर चालणारा कटरसुद्धा तिथे अडू शकतो किंवा त्याची पाती चिरू शकतात. शिवाय छताच्या कडेने पडदा-एअरबॅगची गॅसची नळकांडी बसवलेली असतात. म्हणून आतले प्लास्टिकचे आवरण उचकटून, खाली काय आहे ते पाहून, मगच कापायची जागा ठरवायची, हा नियम अक्षरशः पाळला गेला पाहिजे. गाडीनिहाय सुटका-पत्रके, म्हणजे त्या गाडीत धोक्याचे भाग कुठे आहेत ते दाखवणारी पत्रके, ज्यांच्या मांडणीसाठी आयएसओ १७८४० हे मानक आहे, ती वाचण्याचा एक स्वतंत्र तास ठेव.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांना तू अर्धा तास दिला आहेस. तो किमान अर्धा दिवस कर. इंजिनाचा आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे, हा समज घातक आहे. नारिंगी तारांमध्ये चारशे ते आठशे व्होल्ट असू शकतात आणि त्या कापायच्या नाहीत. बॅटरीची आग विझल्यासारखी दिसूनही काही तासांनी, कधी काही दिवसांनी, पुन्हा भडकते. त्यामुळे भरपूर पाण्याची सोय आणि नंतर गाडी इतरांपासून दूर उभी करणे, या दोन्ही गोष्टी शिकवाव्या लागतील.

अग्निशमनाचा तुझा भाग चांगला उतरला आहे. छताखालचा धूर पाचशे-सहाशे अंशांवर पोहोचला की खोलीतले सारे एकाच वेळी पेट घेते. त्याआधीच्या खुणा कंटेनरमधील सरावात दाखवण्याची तुझी योजना मला फार आवडली. त्यात एवढीच भर घाल की सराव संपताच पोशाख जागेवरच धुवावा आणि काजळी लागलेले हात-मान पुसूनच गाडीत बसावे. अग्निशामकाच्या कामात घातक घटकांशी येणाऱ्या संपर्काला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे, आणि काजळलेला पोशाख मिरवण्याची आपल्या लोकांची हौस प्रशिक्षणातच मोडावी लागेल.

आराखड्यात रुग्णवाहिकेच्या पथकाचा कुठेच उल्लेख नाही. दार कधी काढायचे आणि माणसाला कोणत्या बाजूने बाहेर घ्यायचे, हे त्यांच्याशी बोलून ठरते. म्हणून शेवटच्या दोन सरावांना त्यांना अवश्य बोलाव. सुधारलेले वेळापत्रक तयार झाले की पाठव, मी ते लगेच वाचून कळवीन.

घरी सर्वांना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
जुना सहकारी