जाड मुलीने हॉटेल चालवायचं, प्रेमात नाही पडायचं

संपादक, सप्रेम नमस्कार,

माझी भाची आठवीत आहे आणि मोबाईलवर सारखी वेबटून (मोबाईलवर वाचायची कॉमिक्स) नाहीतर मांगा (जपानी कॉमिक्स) वाचत असते, कोरियन, जपानी, जे मिळेल ते, फक्त लव्हस्टोरी पाहिजे. परवा तिच्या शेजारी बसून मीपण तीन तास तेच केलं (घरी स्वयंपाकाला उशीर झाला तो वेगळा विषय) आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, या लव्हस्टोरीतली हिरोईन नेहमी बारीकच का, म्हणून हे पत्र.

आमच्या लहानपणी आर्ची होता. १९४१ पासूनचं ते अमेरिकन कॉमिक आम्ही लायब्ररीतून भाड्याने आणून वाचायचो. त्यातल्या आर्चीच्या दोन मैत्रिणी, बेटी आणि वेरोनिका, यांचे केस हाताने झाकून बघा, कोण कुठली ते कळणार नाही, तोच चेहरा, तीच कंबर. आर्चीचा मित्र जगहेड पानापानावर बर्गर हाणतो तरी काडीपैलवान तो काडीपैलवानच. उंच, हाडकुळी, दात पुढे असलेली एथेल त्याच्या मागे लागते आणि तो पळतो, हाच जोक वर्षानुवर्षं. आणि जाड कोण, तर हॉटेलवाला पॉप टेट आणि मुख्याध्यापक वेदरबी. म्हणजे जाड माणसाने हॉटेल चालवावं, शाळा चालवावी, प्रेमाबिमाचं बारीक लोक बघून घेतील. मी तेव्हा चांगली खात्यापित्या घरची होते, कॉलनीतली पोरं मला पॉप टेट म्हणायची. एथेलसुद्धा नाही हो, डायरेक्ट पॉप टेट!

आता भाचीच्या मोबाईलवर काय बदललंय बघावं म्हटलं. ओरे मोनोगातारी नावाची जपानी मांगा आहे, २०११ ला सुरू झालेली, तिचा हिरो ताकेओ शाळकरी पोरगा पण उंची २ मीटर आणि वजन १२० किलो, चेहरा एकदम रांगडा, आणि त्याच्यावर एक मुलगी मनापासून प्रेम करते. मला फार आवडली, खोटं कशाला बोलू. पण ती मुलगी कशी, तर एवढीशी, नाजूक, गोग्गोड. आता हेच उलटं करा, मुलगी १२० किलोची आणि मुलगा देखणा. भाचीला विचारलं असं काही आहे का, तर तिने वाताशी गा मोतेते दोउसुन्दा काढून दिली. त्यात हिरोईन जाड आहे, कार्टूनमधलं तिचं आवडतं पात्र मरतं त्या दुःखात ती आठवडाभर जेवत नाही, एकदम बारीक होते आणि मग चार मुलं तिच्या मागे लागतात. आठवडाभरात! आमच्याकडे इतक्या जणी जिमची वर्षाची फी भरून बसल्यात, त्यांना सांगा कुणीतरी. त्यातला एक मुत्सुमी नावाचा सीनियर तेवढा तिच्याशी जाड असतानाही नीट वागायचा आणि बारीक झाल्यावर तिला ओळखतोही तोच, मला वाटलं स्टोरी खरं तर इथे होती, पण तशी ती सुरू करायला आधी तिला बारीक करावंच लागलं.

वाचकांना असलंच आवडतं, वेगळं कोण वाचणार, असं म्हणतात. पण लव्हली कॉम्प्लेक्स नावाच्या मांगामध्ये मुलगी १७० सेंटीमीटरच्या वर आणि मुलगा १५६ च्या आसपास, ती तर तुफान चालली की. (दोघंही शिडशिडीत, ते आहेच.) आणि अमेरिकेत २०१८ ला बिंगो लव्ह म्हणून छोटंसं कॉमिक पुस्तक आलं, त्यातली हेझेल जाड, कृष्णवर्णीय, १९६३ साली शाळेत असताना मैत्रिणीच्या प्रेमात पडते, ताटातूट होते आणि साठी उलटल्यावर दोघी परत भेटतात, आणि हेझेलला त्यासाठी एक किलोही कमी करावं लागत नाही. म्हणजे काढता येतं.

भाची स्वतः पण टॅबवर कॉमिक काढते. ती वापरते त्या ॲपमध्ये थ्रीडी बाहुली असते, हवी तशी उभी करायची आणि तिच्यावरून चित्र काढायचं, दर आठवड्याला भाग टाकायचा म्हणजे एवढा शॉर्टकट लागणारच. पण त्याच बाहुलीची उंची, जाडी कमीजास्त करायचं बटण पण तिथेच आहे. मी म्हटलं, अगं मग जरा सरकव की ते. तर म्हणते, "आत्या, मग ती हिरोईन वाटत नाही गं." आणि ही पोरगी स्वतः माझ्यावर गेलीय अंगाने.

आता तुमच्याकडे वळते, राग मानू नका. तुमच्या रविवारच्या पुरवणीत प्रेमकथा येते तिच्या चित्रातली बाई पण दर वेळी तीच असते, लांब मान, मुठीत मावेल अशी कंबर, खिडकीत उभी. मागे एका कथेत बाई चाळिशीची, दोन मुलांची आई आणि पोळीभाजी केंद्र चालवणारी होती, तरी चित्रात तीच बारीक पोरगी, चित्रकाराने कथा वाचली होती का अशी शंका आली. एकदा तरी त्यांना सांगा, पुढची हिरोईन आमच्यासारखी काढा, आणि खिडकीत नको, सरळ त्या हिरोच्या शेजारी बसवा. भाचीला कात्रण दाखवायचंय.

आपली,
एक जुनी वाचक, नाशिक