राजधानी पाहायला येणाऱ्यांसाठी: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

आम्ही परभणीचे. आई-वडिलांना एकदा मुंबई दाखवायची हे फार दिवस मनात होते. शेतातली कामे आणि मुलांच्या शाळा सांभाळून जेमतेम सवड काढली, देवगिरी एक्स्प्रेसने सोमवारी सकाळी सीएसएमटीला उतरलो आणि दुसऱ्या रात्री परतीच्या गाडीत बसलो. एवढ्यात सगळी मुंबई पाहून होत नाही, हे आम्हालाही कळते. पण ठरवलेल्यातले निम्मेही पदरात पडले नाही. वडील परतीच्या गाडीत एकच वाक्य बोलले, "मुंबई लांबूनच बरी." त्या वाक्याने मला हे पत्र लिहायला लावले.

गर्दीची तक्रार करायला मी बसलेलो नाही. २०११ च्या जनगणनेत ज्या शहरात १ कोटी २४ लाख माणसे मोजली गेली, तिथे रस्ते मोकळे कुठून असणार? शहर अरुंद, दक्षिणोत्तर लांबलेले. जुन्या कचेऱ्या दक्षिण टोकाला आणि बहुतेकांची घरे उत्तरेला, त्यामुळे सकाळी सगळा लोंढा एका बाजूला आणि संध्याकाळी उलट. हे एका दिवसात कुणी बदलू शकत नाही. आमचा हिरमोड ज्यांनी झाला त्या गोष्टी याहून पुष्कळ लहान होत्या.

पहिली गोष्ट सोमवारची. गेटवेला धक्क्यावर पोचल्यावर कळले की घारापुरीची लेणी सोमवारी बंद. मग कान्हेरीला जाऊ म्हटले, तर ती ज्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत तेही सोमवारीच बंद. साहेब, आमच्या मराठवाड्यात अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरला कोणत्याही दिवशी उतरा, एक तरी लेणे उघडे सापडते. हीच सोय मुंबईत का नसावी? घारापुरी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, पण राष्ट्रीय उद्यान तर राज्याच्या वनखात्याकडे. साप्ताहिक सुट्टीचा वार बदलायला पूल बांधावा लागत नाही की जमीन संपादन करावी लागत नाही. आपण मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांशी बोललात तरी हे मार्गी लागू शकेल.

मंगळवारी घारापुरी पाहिली, हे मात्र कृतज्ञतेने सांगतो. सुमारे तासभराचा बोटीचा प्रवास, मग शंभरावर पायऱ्या. आईचे गुडघे दुखतात, तरी ती चढली. साडेपाच मीटरच्या आसपास उंचीची ती महेशमूर्ती, मधला मिटल्या डोळ्यांचा शांत चेहरा, एका बाजूला उग्र अघोर आणि दुसऱ्या बाजूला कोवळा वामदेव. आई तिथून हलायला तयार नव्हती. पण सकाळचा बराच वेळ उन्हात बोटीच्या रांगेत गेला होता आणि आता परतीच्या बोटीची घाई. १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या ठिकाणी आम्ही जितका वेळ रांगेत उभे राहिलो, तितकाही त्या मूर्तीसमोर राहू शकलो नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

वडिलांची इच्छा वेगळी होती. त्यांना हुतात्मा चौक पाहायचा होता. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. मुंबईसह महाराष्ट्र झाला त्याची गोष्ट आमच्या घरात आजोबा सांगत. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात गोळीबार झाला, माणसे पडली. हातात मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराच्या पुतळ्यापुढे त्यांना शांतपणे उभे राहायचे होते. पण चारी बाजूंनी वाहने, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायची धास्ती, आणि जवळपास टेकायला जागा नाही. समोरच्या पदपथावरून हात जोडून ते परत फिरले. भुयारी मेट्रोच्या एका स्थानकाला याच चौकाचे नाव आहे, ही आनंदाची गोष्ट. पण तिथून वर आलेल्या परगावच्या माणसाला या जागी काय घडले ते नीट कोण सांगणार?

सामान ठेवायला विश्वासाची जागा आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे, याबद्दल जास्त लिहीत नाही. आईने दोन्ही दिवस पाणी कमी प्यायले, एवढे सांगतो.

मुंबईच्या पर्यटनाचे बोलणे निघाले की परदेशी पाहुणा आणि मोठी हॉटेले डोळ्यांपुढे येतात. तेही यावेत. पण नांदेड, वाशीम, गडचिरोलीहून रात्रभर बसून येणारा माणूस हासुद्धा पर्यटकच आहे, आणि ही त्याची राजधानी आहे. तो सकाळी उतरतो त्या स्थानकातच एक मोठा मराठी फलक असावा: आज काय उघडे, काय बंद, पहिली आणि शेवटची बोट किती वाजता, चैत्यभूमीला कसे जायचे, सामान कुठे ठेवायचे. बोटीच्या रांगेवर सावली आणि ज्येष्ठांसाठी वेगळी रांग हवी. हुतात्मा चौकात रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ देणारा सिग्नल आणि चार बाक हवेत. यातल्या काही गोष्टी महापालिकेच्या, काही रेल्वेच्या आणि काही बंदराच्या अखत्यारीत येतात, हे मी जाणतो. त्या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार आमच्यासारख्यांकडे नाही, आपल्याकडे आहे. ती बैठक आपण बोलवावी आणि तिथे काय ठरले ते मराठीत जाहीर करावे, ही विनंती.

आपला,
परभणीचा एक प्रवासी